पन्नास कणांचा पुरावा

रुळांच्या अल्ट्रासॉनिक तपासणीत पडद्यावर एखादा उंच शेंडा उठला, की नवखा माणूस लगेच "तडा!" म्हणतो. मुरलेला माणूस आधी तिथे बोल्टचे भोक तर नाही ना ते पाहतो, मग यंत्र नमुन्याच्या रुळावर लावून बघतो. अशीच एक तपासणी आकाशाच्या बाबतीत झाली.

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग अभ्यासले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या बळावर त्या एकत्र टिकूच शकत नव्हत्या. तूट भरून काढणाऱ्या अदृश्य मालाला कृष्णद्रव्य हे नाव पडले. त्याचे दोन कण भिडून नष्ट झाले तर गॅमा किरण निघावेत, असा एक अंदाज आहे.

गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण जून २००८ मध्ये अवकाशात गेली. तिच्या नोंदी सर्वांना खुल्या असतात. २०१२ मध्ये ख्रिस्तोफ वेनिगर यांनी ४३ महिन्यांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा आकाशगंगेच्या मध्याकडून येणाऱ्या किरणांत १३० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जादा गर्दी दिसली. सारा पुरावा सुमारे पन्नास फोटॉनांचा! पण ताऱ्यांसारख्या नेहमीच्या उगमातून इतकी नेमकी ऊर्जा सहसा मिळत नाही, म्हणून खळबळ उडाली.

मग कुणीतरी दुर्बीण 'नमुन्याच्या रुळावर' लावलीच. पृथ्वीच्या वातावरणावर विश्वकिरण आदळतात, तिथूनही गॅमा किरण निघतात. तिथे कृष्णद्रव्याचा संबंध नाही, आलेख सपाट उतरायला हवा. पण त्यातही १३० पाशी उंचवटा! शंका यंत्राकडे वळली. नोंदी वाढल्या, ऊर्जेचे गणित सुधारले, तसा शेंडा खचत गेला. २०१५ मध्ये फर्मीच्या चमूने अशी रेषा ठळकपणे आढळत नसल्याचे जाहीर केले. तीन वर्षांच्या उत्साहावर स्वतःच पाणी ओतायला हिंमत लागते, असे मला वाटते.

गुडइनफ आणि हूपर यांनी २००९ मध्ये दाखवलेला दुसरा, पसरट उंचवटा मात्र अजून उभा आहे. तो कृष्णद्रव्याचा, की सेकंदाला शेकडो फेरे घेणाऱ्या पल्सार ताऱ्यांचा, हा वाद चालूच आहे. अशा पल्सारांच्या शोधात नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीचाही हात आहे. फर्मीने दाखवलेल्या एका जागी तिला २०१३ मध्ये २.१६ मिलिसेकंदांत एक फेरी घेणारा पल्सार सापडला. आकाशगंगेचा मध्य मात्र सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर. तिथले पल्सार एकेक करून मोजणे अजून साधलेले नाही.