टर्बोचार्जर, बदली : पोर्शे ९४४ टर्बो

पोर्शे ९४४ टर्बो ही १९८५ ते १९९१ या काळात तयार झालेली जर्मन स्पोर्ट्स कार. तिचा मूळ टर्बोचार्जर निकामी झाला किंवा अपुरा पडू लागला, तर त्याच्या जागी कोणता बसवावा याचा विचार या नोंदीत केला आहे. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरणारे टर्बाइन आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला, इंजिनात दाबाने हवा भरणारा कॉम्प्रेसर. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. प्रवासी गाड्यांमध्ये ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली. पोर्शेने १९७४ मध्ये ९११ टर्बो सादर केली आणि त्यानंतर अकरा वर्षांनी तोच अनुभव चार सिलिंडरांच्या ९४४ मध्ये वापरला.

या गाडीच्या बाबतीत निवडीचा प्रश्न विशेष स्पष्टपणे मांडता येतो, कारण खुद्द कारखान्यानेच एकाच इंजिनाला दोन मापांचे टर्बोचार्जर बसवले होते. २,४७९ घन सेंमी. क्षमतेच्या पहिल्या इंजिनाला जर्मनीतील के.के.के. कंपनीचा के२६/६ हा टर्बोचार्जर होता. सुमारे ०.७५ बार बूस्टवर, म्हणजे वातावरणापेक्षा तेवढ्या जादा दाबावर, हे इंजिन २२० अश्वशक्ती देई आणि त्याचा ३३० न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क मिनिटाला ३,५०० फेऱ्यांना मिळे. १९८८ च्या टर्बो एस या आवृत्तीत के२६/८ आला. शक्ती २५० अश्वशक्तीवर आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटरवर गेला. पण हा कमाल टॉर्क आता ४,००० फेऱ्यांना मिळू लागला. तिरप्या रेषेनंतरचा आकडा टर्बाइनच्या कवचाचा गळा किती मोठा आहे ते सांगतो. गळा मोठा असला की वरच्या फेऱ्यांना वायू मोकळेपणाने निघून जातात, पण खालच्या फेऱ्यांना त्यांचा वेग कमी पडतो आणि टर्बाइन उशिरा जागे होते. तीस अश्वशक्तींची ही किंमत पाचशे फेऱ्यांनी चुकवावी लागली. बदली टर्बोचार्जर निवडताना मालकापुढे येणारे बहुतेक पर्याय याच व्यवहाराचे लहानमोठे नमुने असतात.

निवडीआधी निदान करणे आवश्यक आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते. बूस्ट येत नाही म्हणून टर्बोचार्जर गेला असे गृहीत धरले जाते. पण या गाडीत वेस्टगेट, म्हणजे जादा वायू टर्बाइनला वळसा देऊन सोडणारा भाग, टर्बोचार्जरपासून वेगळा, एक्झॉस्टच्या नळीवर बसवलेला असतो. त्याची स्प्रिंग थकली किंवा झडप नीट मिटेनाशी झाली, तर वायू टर्बाइनला वळसा घालून निसटतात आणि बूस्ट हळूहळू गळतो. एक्झॉस्ट इंजिनाच्या उजव्या बाजूला, तर टर्बोचार्जर डाव्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डखाली आहे. दोन्ही बाजू जोडणाऱ्या नळीला तडा गेला तरी लक्षणे तशीच दिसतात. तीन-चार दशकांत कडक होऊन चिरलेल्या रबरी नळ्या हे तिसरे कारण. निळा धूर दिसला तर तो इंजिनाच्या झडपांच्या सीलमधून गळणाऱ्या तेलाचाही असू शकतो.

खरी परीक्षा टर्बोचार्जर उघडून, दांडा बोटांनी हलवून होते. बुशच्या बेअरिंगमध्ये दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, त्यामुळे आडवी थोडीशी हालचाल स्वाभाविक आहे. मात्र पाती कवचाला घासल्याच्या खुणा नसाव्यात आणि दांडा पुढे-मागे सरकल्याचे हाताला जाणवू नये. पात्यांच्या कडा खाल्ल्या गेल्या असतील तर बाहेरचा कण आत शिरला आहे. दांडा निळसर काळा पडला असेल तर तेल कमी पडले आहे. मूळ कारण दूर न करता बसवलेला नवा टर्बोचार्जर जुन्याच्याच वाटेने जातो, मग तो कितीही महागाचा असो.

पहिला, आणि रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी योग्य पर्याय म्हणजे मूळ टर्बोचार्जरचीच दुरुस्ती. गाभा नवा घालून किंवा बेअरिंग-सील बदलून, उच्च वेगाच्या यंत्रावर तोल साधून तो परत बसवता येतो. दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो, म्हणून तोल साधल्याचा पुरावा मागणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. एक्झॉस्टकडील कवचाला खोल तडे असतील तर दुरुस्तीचा अर्थ उरत नाही. २२० अश्वशक्तीच्या गाडीला एसचा के२६/८ बसवणे हा दुसरा पर्याय. मूळ बांधणीशी तो सर्वांत कमी झगडतो.

यापुढील पायऱ्यांवर हिशेब मांडावा लागतो. पेट्रोल इंजिनात मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने २२ अश्वशक्ती मिळते. २२० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे १० किलो, तर ३०० अश्वशक्तीला १३ ते १४ किलो हवा लागते. हा आकडा आणि दाबाचे गुणोत्तर (कॉम्प्रेसरनंतरचा एकूण दाब भागिले बाहेरचा दाब) कॉम्प्रेसरच्या आलेखावर मांडले की तो तिथे कार्यक्षम आहे का हे कळते. समुद्रसपाटीला ०.७५ बार बूस्ट म्हणजे सुमारे १.७४ पट दाब. कोलोरॅडोतील डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात बाहेरचा दाब सुमारे ०.८३ बार असतो. तेथे तेवढाच एकूण दाब मिळवायला गुणोत्तर २.१ वर न्यावे लागते आणि त्यासाठी टर्बोचार्जर अधिक वेगाने फिरवावा लागतो. आलेखाच्या डाव्या सीमेपलीकडे हवा उलट फिरून फडफडते. याला सर्ज म्हणतात. उजव्या सीमेपलीकडे कॉम्प्रेसर गुदमरतो आणि हवेला नुसती तापवतो. मोठ्या टर्बोचार्जरच्या जाहिराती या आलेखाच्या उजव्या टोकावरची शक्ती सांगतात, पण रस्त्यावरचे चालवणे बहुतांशी डाव्या भागात घडते.

के२७ च्या मोठ्या कॉम्प्रेसरचे मिश्र टर्बोचार्जर या गाडीसाठी जुन्या काळापासून वापरात आहेत. गॅरेटचे आधुनिक टर्बोचार्जरही वेगळ्या फ्लँजच्या साहाय्याने बसवले जातात. नव्या पात्यांची घडण सुधारलेली असल्याने तेवढ्याच हवेसाठी ते लवकर जागे होतात. बॉल बेअरिंगचे टर्बोचार्जर आणखी चपळ असतात, पण त्यांना तेल कमी लागते. पुरवठ्याच्या नळीत योग्य छिद्राचा रोधक नसेल तर तेल सीलमधून बाहेर पडते. गाभा बिघडला तर तो सहसा अख्खाच बदलावा लागतो. परतीची तेलनळी रुंद आणि उताराची असावी, कारण टर्बोचार्जरमधून परतणारे तेल फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येते. पाण्याने थंड होणारे मधले कवच सोडू नये. पोर्शेने इंजिन बंद झाल्यावरही टर्बोचार्जरमध्ये काही वेळ पाणी खेळवणारा वेगळा विजेचा पंप दिला होता, तो तेल आतल्या उष्णतेने जळून कोळसा होऊ नये म्हणून. हा पंप चालू आहे का हे टर्बोचार्जर बदलताना हमखास तपासावे. शेजारचे डावे इंजिन माउंटही उष्णतेने बसते, तेव्हा तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

टर्बोचार्जर एकटा शक्ती वाढवत नाही. या गाडीतील झडपेच्या पद्धतीचा हवामापक एका मर्यादेपलीकडची हवा मोजू शकत नाही आणि मूळ इंजेक्टर तेवढे पेट्रोल देऊ शकत नाहीत. बूस्ट आणि ठोका (सिलिंडरमधील मिश्रणाचे अनियंत्रित पेटणे) यांवर लक्ष ठेवणारा के.एल.आर. हा नियंत्रक ठोका ऐकताच इग्निशन मागे घेतो, त्यामुळे चुकीच्या जुळणीत मोठा टर्बोचार्जर बसवूनही गाडी जड वाटते. हवामापक आणि इंजेक्टर यांच्या या मर्यादेपलीकडे जायचे तर इंजेक्टर, हवामापन आणि नियंत्रकाचा नकाशा यांचा खर्च टर्बोचार्जरच्या किमतीत आधीच धरावा. मूळ अवस्थेतील गाड्यांना संग्राहकांकडून वाढती मागणी आहे. म्हणून मूळ के२६ विकून टाकू नये. क्रमांकपट्टीसह तेल लावून जपून ठेवावा.

नवा टर्बोचार्जर बसवताना तेल आणि गाळणी नवी घ्यावी. पुरवठ्याची नळी आतून साफ करावी किंवा बदलावी; जुना कोळसा तिच्यातच दडलेला असतो. इंटरकूलरमध्ये साठलेले तेल व तुटलेल्या पात्यांचे कण धुऊन काढावेत. इंजिन लगेच सुरू करू नये. इंजिन-नियंत्रकाचा डी.एम.ई. रिले काढला की पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही थांबतात. या स्थितीत स्टार्टर थोडाथोडा फिरवून तेलाचा दाब काट्यावर दिसू द्यावा. मग रिले बसवून इंजिन काही मिनिटे कमी फेऱ्यांवर चालवावे, गळती पाहावी आणि त्यानंतरच गाडी बूस्टवर न्यावी.