फुगडी आणि बालकांचे अंगबळ

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तालीम, दंडबैठका आणि शाळेतील कवायत उभी राहते. ज्या वयात मूल नुकतेच पाऊल टाकावयास शिकते, त्या वयाचा व्यायाम कोणता, हा प्रश्न सुशिक्षितांस क्वचितच सुचतो. आमच्या मते त्याचे उत्तर महाराष्ट्रातील आज्यांनी कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून देऊन ठेविले होते.

मांडीवर बोटांचे व टाळ्यांचे खेळ, मग फेर आणि झिम्मा, पुढे फुगडी, असा हा चढता क्रम आहे. झिम्म्यात समोरच्या गड्याच्या तळहातावर नेमकी टाळी पडावी लागते. तेथे डोळा आणि हात यांची जोड बसते. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकल्याने मांड्या व गुडघे बळकट होतात. उभ्या फुगडीत हातांची अढी घालून, पाय जुळवून, मागे झुकून गिरक्या घ्यावयाच्या. एकीने हात सोडिला की दोघीही पडावयाच्या! तोल सांभाळण्याचे याहून सरस शिक्षण कोणते? आणि गाणे येथे केवळ करमणुकीचे नाही. ते पावलास व श्वासास माप घालून देते.

ही परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात तुकोबांनी फुगडी, टिपरी, हमामा यांवर अभंग रचिले. श्रोत्यांच्या अंगी हे खेळ मुरलेले नसते, तर त्या रूपकांचा उपयोग काय होता?

यूरोपात हाच विचार फ्रोबेलने मांडिला. 1837 मध्ये त्याने ब्लांकेनबुर्ग येथे बालकांची संस्था काढिली, 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले, आणि 1844 मध्ये आयांसाठी गाणी व हस्तक्रीडा यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. प्रशियाच्या सरकारने 1851 मध्ये अशा शाळांवर बंदी घातली. ती 1860 मध्ये उठली. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, हा मार्ग दाखविला.

तथापि जुन्याचा पोकळ अभिमान आम्हांस नको. या खेळांपैकी फुगडी-झिम्मा आपण बहुतांशी मुलींपुरते ठेविले, आणि तेही भोंडला, नागपंचमी, मंगळागौर अशा सणांस बांधून टाकिले. आता तर ते रंगमंचावर चढले आहेत: चार मुली नाचतात आणि चाळीस मुले बसून पाहतात! जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी निदान 180 मिनिटे हालचाल हवी, असे सांगितले. सणाच्या एका रात्रीने ही गरज कशी भागावी?

म्हणून वाचकांस आमचे सांगणे एवढेच की, हे खेळ जतन करावयाचे असतील तर ते मुलांस पाहावयास देऊ नका, रोज खेळावयास द्या; आणि मुलगा-मुलगी हा भेद त्यात आणू नका. तोल दोघांनाही सांभाळावयाचा आहे.