सुरुंगापासून पालेभाजीपर्यंत

हृदयरोग्याच्या खिशातली सॉर्बिट्रेटची इवलीशी गोळी आणि मंडईत जुडीने मिळणारा माठ यांचा काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण शरीरात गेल्यावर दोघांचेही काम एकाच वायूपाशी येऊन ठेपते. नायट्रिक ऑक्साइड हे त्याचे नाव. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू तो सैल करतो, वाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. गोळीचे हे कोडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुटले, भाजीचे तर त्याहीनंतर, गेल्या तीसेक वर्षांत. तोवर नायट्रेट या साध्या क्षाराची दारूगोळा, औषध आणि विष अशी तीन सोंगे वठवून झाली होती. चौथे सोंग पोषकाचे.

पहिले सोंग दारूगोळ्याचे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. बंदुकीच्या दारूत कोळसा आणि गंधक थोडे, सोराच जास्त. बिहारमध्ये जुन्या वस्त्यांच्या आणि गोठ्यांच्या आसपासच्या जमिनीवर पांढरट फुलोरा धरत असे. नोनिया समाजाचे लोक ती माती खरवडून पाण्यात भिजवत, पाणी गाळून आटवत आणि तळाशी उरलेला सोरा विकत. सतराव्या-अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीने हा माल पाटण्याहून गंगेमार्गे आणि पुढे जहाजांनी युरोपात नेला. तिथल्या लढाया त्यावर लढल्या गेल्या. या सोऱ्याचे खरे कारागीर मातीतले जिवाणू. शेणमुतातल्या नायट्रोजनचे नायट्रेट तेच करतात. झाडाची मुळे हेच नायट्रेट शोषतात आणि झाड त्यापासून आपली प्रथिने घडवते. तोफेत ठासलेले आणि पालकाच्या देठात साठलेले नायट्रेट रसायन म्हणून एकच.

सोऱ्याचा हृदयाशी संबंध जोडणारा एक जुना पुरावा चीनमधला आहे. दुनहुआंगच्या लेण्यांत सापडलेल्या हस्तलिखितांत हृदयाच्या दुखण्यावर एक उपाय दिला आहे: सोरा आणि थोडी मनशीळ यांचे चूर्ण जिभेखाली ठेवावे आणि सुटलेली लाळ गिळावी. मनशीळ हे आर्सेनिकचे खनिज, तेव्हा हा प्रयोग कुणी करू नये. पण लाळ गिळण्याची सूचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिचे मर्म कळायला विज्ञानाला एकविसावे शतक उजाडावे लागले.

औषधाचे सोंग स्फोटकातूनच निघाले. १८४७मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात अस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन बनवले. त्याचा अगदी कणभर अंश त्याने जिभेला लावून पाहिला, तर डोके ठणकू लागले. पुढे आल्फ्रेड नोबेलने हेच भयंकर द्रव एका सच्छिद्र मातीत मुरवून हाताळण्याजोगे केले आणि १८६७मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. खाणींत आणि बोगद्यांत सुरुंगांसाठी ते जगभर वापरले जाऊ लागले. कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सोमवारी हटकून डोकेदुखी होई. आठवडाभरात अंग सरावत असे, रविवारच्या सुट्टीत तो सराव मोडे आणि सोमवारी पुन्हा डोके धरून बसण्याची वेळ येई.

त्याच १८६७ साली स्कॉटलंडमध्ये थॉमस लॉडर ब्रंटन हा तरुण डॉक्टर एडिंबरोच्या रुग्णालयात छातीत कळ येणाऱ्या रोग्यांना अमिल नायट्राइट हुंगायला देत होता. कळ मिनिटभरात ओसरे, पण थोड्या वेळाने परत येई. लंडनच्या विल्यम मरेलने त्याहून टिकाऊ काहीतरी शोधायला घेतले. नायट्रोग्लिसरीनच्या एक टक्का द्रावणाचे ओले बूच त्याने स्वतःच्या जिभेला लावले. क्षणात कानशिले उडू लागली आणि नाडी धडधडू लागली. रक्तवाहिन्या रुंदावल्याची ही खूण त्याने ओळखली, रोग्यांवर प्रयोग केले आणि १८७९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. जिभेखालच्या गोळीची परंपरा तिथून सुरू झाली. १८९६मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी हे औषध लिहून दिले. औषधविक्रेते आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रिनिट्रिन म्हणतात, असे त्याने मित्राला पत्रातून कळवले आणि दैवाच्या या थट्टेची नोंदही केली.

औषध लागू पडत होते, पण का, हे जवळजवळ शंभर वर्षे कुणालाच सांगता येत नव्हते. १९७७मध्ये अमेरिकेत फेरीद मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तोच स्नायू सैल करतो. दुसरा धागा ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट फर्चगॉट यांच्या हाती लागला. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या कापून त्यांवर अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन घातले की त्या आकसत, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. मग एका प्रयोगात धमनी गोल कड्यांच्या आकारात कापली गेली, तर तीच धमनी सैल पडली. कारण शोधता शोधता उलगडले की पट्टी कापताना धमनीचे आतले नाजूक अस्तर घासून निघत होते, कड्यांत ते शाबूत राहिले होते. म्हणजे सैल पडण्याचा आदेश अस्तराकडून येत होता. १९८०मध्ये हे प्रसिद्ध झाले. आदेश घेऊन जाणारा दूत म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे पुढच्या काही वर्षांत लुई इग्नारो आणि इंग्लंडमध्ये काम करणारे साल्वादोर मोंकादा यांनी दाखवले. १९९८चे वैद्यकाचे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. पुरस्काराची रक्कम अर्थातच डायनामाइटच्या कमाईतून आलेली.

हे चालू असताना भाजीतले नायट्रेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. १९४५मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरने निळ्या पडलेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली. दुधाच्या पावडरीत कालवलेल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट भरपूर होते. बाळांच्या पोटात त्याचे नायट्राइट होऊन रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता जात होती. १९५६मध्ये मॅगी आणि बार्न्स या ब्रिटिश संशोधकांनी नायट्रोसामीन वर्गातल्या एका रसायनाने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो, असे सिद्ध केले. नायट्राइटपासून नायट्रोसामीन बनू शकतात हे ठाऊक असल्याने संशयाची सुई नायट्राइट घालून टिकवलेल्या मांसाकडे वळली आणि नायट्रेटकडेही. पिण्याच्या पाण्याला मर्यादा आल्या. भारतीय मानकात ती लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक विहिरी आजही ती ओलांडतात. युरोपीय संघाने १९९७मध्ये पालक आणि लेट्यूस यांच्यातल्या नायट्रेटवरही कमाल मर्यादा घातली.

इथे एक गाठ सुटत नव्हती. आहारातल्या नायट्रेटचा बराच मोठा भाग, बहुतेक अंदाजांनुसार ६० ते ८० टक्के, भाज्यांतूनच येतो. आणि भरपूर भाज्या खाणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघात कमी आढळतात, हे तर पाहणीमागून पाहणीत दिसत होते. नायट्रेट विष असेल तर भाजी खाणाऱ्यांना ते बाधत का नाही?

उत्तर तोंडात सापडले. १९९४मध्ये स्वीडनमध्ये जॉन लुंडबर्ग आणि एडी वाइट्सबर्ग यांच्या गटाने निरोगी माणसांच्या ढेकरेतली हवा मोजली. तिच्यात नायट्रिक ऑक्साइड प्रचंड होता आणि लेट्यूस खाल्ल्यावर तो आणखी वाढे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नायजेल बेंजामिन आणि सहकारीही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. मग साखळी जुळत गेली. भाजीतले नायट्रेट आतड्यातून रक्तात उतरते. त्यातला सुमारे पाव हिस्सा लाळग्रंथी ओढून घेतात आणि लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या खरबरीत भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. हे काम माणसाच्या स्वतःच्या पेशींना नीटसे जमत नाही. लाळ गिळली की नायट्राइट जठरात आणि तिथून रक्तात जाते, आणि गरजेच्या जागी त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. वय वाढले, रक्तवाहिन्यांचे अस्तर थकले की शरीराची नायट्रिक ऑक्साइड बनवण्याची नेहमीची वाट मंदावते. भाजीमार्गे येणारी ही दुसरी वाट तेव्हा उपयोगी पडते.

रक्तदाबावरचा परिणाम स्वीडनमध्ये २००६मध्ये दिसला होता, पण तो नुसत्या क्षाराचा. भाजीचा पुरावा लंडनहून आला. २००८मध्ये अमृता अहलुवालिया यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना अर्धा लिटर बीटचा रस पाजला. तीनेक तासांत वरचा रक्तदाब सरासरी दहा अंकांनी उतरला. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. रस प्यायल्यावर लाळ गिळू नका, थुंकून टाका, असे सांगितले. दाब उतरलाच नाही. २०१३च्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात १९ निरोगी माणसांनी आठवडाभर क्लोरहेक्सिडीनच्या औषधी पाण्याने दिवसातून दोनदा चुळा भरल्या. तोंडातले जिवाणू मेले, लाळेतले नायट्राइट घटले आणि रक्तदाब दोन-तीन अंकांनी चढला. म्हणून दंतवैद्याने सांगितले असेल तेव्हा आणि तेवढेच दिवस या चुळा भराव्यात. रोजची सवय करू नये.

सगळ्यात वजनदार प्रयोग २०१५चा. उच्च रक्तदाबाच्या ६४ रुग्णांनी चार आठवडे रोज पाव लिटर बीटचा रस घेतला. निम्म्यांच्या रसातून नायट्रेट काढून टाकलेले होते आणि कुणाच्या पेल्यात काय हे त्यांना ठाऊक नव्हते. नायट्रेटवाल्यांचा दिवसरात्र मोजलेला वरचा दाब सरासरी ७.७ आणि खालचा ५.२ अंकांनी उतरला. रक्तदाबाच्या एका गोळीने साधारण एवढाच फरक पडतो. पण रस बंद केल्यावर दोन आठवड्यांत दाब होता तिथे परत गेला. म्हणजे हा उपाय कोर्स करून सोडण्याचा नाही, रोजच्या जेवणाचा आहे.

आपल्या ताटात हे द्रव्य मुबलक आहे. पालक, बीट, चाकवत, माठ आणि राजगिरा ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातली मंडळी, आणि नायट्रेट साठवण्यात हे कुळ पुढे आहे. मुळा आणि त्याचा पालाही मागे नाहीत. ऊन भरपूर मिळाले की पान नायट्रेट वापरून टाकते. ढगाळ हवेत ते साठते, आणि पानापेक्षा देठात जास्त. म्हणून माठाचे कोवळे देठ टाकू नयेत. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते. पाला उकडून पिळला आणि पाणी मोरीत ओतले तर त्यातला बराच भाग तिकडेच जातो. परतून केलेली किंवा डाळ-दाणे घालून केलेली पातळ भाजी या दृष्टीने सरस. डेन्मार्कमध्ये ५३ हजारांवर लोकांचा वीसहून अधिक वर्षे माग ठेवला, तेव्हा भाज्यांतून दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम नायट्रेट घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार १५ टक्के कमी दिसले. त्यापुढे जास्त खाऊन फायदा वाढला नाही. ६० मिलिग्रॅम म्हणजे शिजवलेली अर्धी-पाऊण वाटी पालेभाजी. अर्थात ही पाहणी आहे. भाजी खाणारे इतर बाबतींतही जपून वागतात, ही शक्यता तिच्यात उरतेच.

मग जुन्या आरोपाचे काय? पानात नायट्रेटसोबत क जीवनसत्त्व आणि पॉलिफिनॉल असतात. नायट्राइटचे नायट्रोसामीन होण्याला ते अडवतात आणि नायट्रिक ऑक्साइडच्या बाजूने झुकवतात. विहिरीच्या पाण्यात ही सोबत नाही. खारवलेल्या मांसात तर नायट्राइट आणि प्रथिने शेजारी शेजारी नांदतात. एकच क्षार तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी वागतो, तो या संगतीमुळे. बीटच्या पावडरीचे डबे आणि नायट्रेटच्या गोळ्या विकणारे नेमकी हीच गोष्ट गाळून जाहिरात करतात. जागतिक पातळीवर ठरलेली सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे दिवसाला ३.७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २२२. २०१५च्या प्रयोगातल्या त्या पेल्यात याच्या दीडपटीहून जास्त नायट्रेट होते. डॉक्टरांच्या देखरेखीखालचा प्रयोग घरी मनाने करू नये, तो याचसाठी.

काहींनी आणखी जपावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पालेभाजीतले पोटॅशियम आणि मूतखडा होत असेल तर पालक-बीटातले ऑक्झलेट डॉक्टरांना विचारूनच. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रोम चालू असेल तर पालेभाजी बंद करायची नाही, पण तिचे प्रमाण रोज सारखे ठेवायचे, कारण तिच्यातले के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते. सहा महिन्यांखालच्या बाळाला पालक-बीटाचे पाणी देऊ नये, आणि शिजवलेली पालेभाजी तासन्‌तास बाहेर ठेवून मुलांना वाढू नये. बाकीच्यांनी रक्तदाबाची गोळी न सोडता रोज एक पालेभाजी खावी आणि पावडरीच्या डब्याचे पैसे मंडईत खर्च करावेत.