आड, जिवाणी आणि फाल्गुनातली रोपं



फाल्गुनातली अष्टान्हिका संपली की आपल्या सोलापूरकडे एक गंमत दिसते. शेतं रिकामी होतात आणि परस भरायला लागतं. बाहेरगावच्या पुस्तकांत वसंत म्हणजे पेरणीचा, कोवळ्या हिरवाईचा काळ असतो. आपल्याकडे तसं नाही. आपली ज्वारी रब्बीची. ती भाद्रपद-आश्विनात पेरायची, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढवायची आणि माघ-फाल्गुनात काढायची. होळीपर्यंत रानात कडब्याच्या गंजी आणि भेगाळलेली जमीन एवढंच उरतं. या दिवसांत नवं रोप दिसतं ते फक्त घराच्या मागे, आडाच्या कडेला, बाईमाणसाच्या हाताखाली.

गॅझेटियरमध्ये तलावांची, कालव्यांची, ज्वारीच्या पिकाची माहिती सापडते. परसातल्या या चार वाफ्यांचा इतिहास मात्र कुणी लिहिलेला नाही. तो पाण्याचा इतिहास आहे, आणि जैन घरात तो जिवाणीचाही इतिहास आहे. आज त्याबद्दल लिहिते.

आधी रोपांचं सांगते. आपल्या परसात वांगं नसतं, कारण ते बहुबीज. कांदा, लसूण, बटाटा, मुळा, गाजर ही कंदमुळंही नाहीत. मग उरतं काय, असं शेजारणी विचारतात. भरपूर उरतं! गवार, भेंडी, दोडका, कारलं, दुधी, पडवळ, तोंडली, मिरची, टोमॅटो. मिरची-टोमॅटोची रोपं छोट्या वाफ्यात किंवा फुटक्या डब्यात करायची आणि चार-पाच पानांची झाली की हलवायची. वेलांना आळी करायची आणि वर चढायला तुराट्यांचा मांडव घालायचा. तूर नुकतीच निघालेली असते, त्यामुळे तुराट्या घरात असतातच. त्याच तुराट्या आडव्या टाकून कोवळ्या रोपांवर दुपारची सावली करतात. आपल्याकडे चैत्रातच पारा चाळिशीला भिडतो. त्याआधी मूळ धरलं तर रोप जगतं, नाहीतर नाही. म्हणून घाई फाल्गुनाची.

होळीपौर्णिमेच्या सुमारास लावलेली गवार-भेंडी अक्षय तृतीयेच्या आगेमागे पहिल्या तोड्याला येते. ताजी खाऊन उरते ती उन्हात वाळते. गवारीच्या शेंगा, भेंडीच्या आणि कारल्याच्या काचऱ्या डब्यात भरल्या जातात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं न खाण्याचा नियम अनेक घरांत आहे. त्या दिवसांना हा डबा उघडतो. म्हणजे फाल्गुनातलं रोप हे घराच्या धर्मपालनाचीही बेगमी असतं.

आता एक प्रश्न, जो मला लग्न होऊन आल्यावर पडला होता आणि अजूनही सुनांना पडतो. माती खणली की जीव मरतात. मग जैन बाईनं मातीत हात घालावा का?

याचं उत्तर आपल्या पहिल्या तीर्थंकरांपाशीच आहे. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं शिकवली. त्यात शेती आहे. आचार्य समंतभद्रांच्या 'स्वयंभूस्तोत्रा'त त्यांनी प्रजेला शेती वगैरे कामं शिकवल्याचा उल्लेख आहे, आणि आचार्य जिनसेनांच्या 'आदिपुराणा'त हा भाग विस्ताराने येतो. हे जिनसेन नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात. तेव्हा हे काही दूरदेशीचं शास्त्र नाही. याच काळ्या मातीच्या पट्ट्यात ते मान्य झालेलं आहे. ऋषभदेवांची जन्मतिथीही फाल्गुन वद्य नवमीची (उत्तरेकडे तिलाच चैत्र कृष्ण नवमी म्हणतात), अगदी रोपं लावण्याच्या दिवसांतली. त्यांचं पारणं झालं ते उसाच्या रसानं, अक्षय तृतीयेला. माझ्या मनात परसाचं पंचांग याच दोन तिथींमध्ये मांडलेलं आहे.

शास्त्रानं हिंसेचे चार प्रकार केले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचं ठरवून केलेली ती संकल्पी, आणि ती गृहस्थानं सर्वस्वी सोडायची. स्वयंपाकपाणी, झाडलोट यांत होते ती आरंभी, पोटासाठीच्या कामात होते ती उद्योगी, आणि रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तिन्ही गृहस्थाला पूर्ण सुटत नाहीत, पण जपून वागून कमी करता येतात. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म 1872 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावच्या पाटील घराण्यातला. घरी शेती होती. तरुणपणी राखणीला बसले की ते पाखरांना हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. दक्षिण महाराष्ट्रातला आपला बहुतेक समाज शेतकरीच आहे. आपण सोलापूरकर व्यापारी घरांतले म्हणून हे विसरतो, एवढंच.

मातीचा प्रश्न असा सुटला. पण रोपाला पाणी लागतं, आणि पाण्यात जीव असतात.

जुन्या वाड्यात पाणी म्हणजे आड. पोहरा सोडायचा, शेंदायचं, आणि घागरीच्या तोंडावर दुहेरी गाळणं धरून पाणी गाळायचं. गाळण्याचं मापही ठरलेलं: छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, आणि ते दुहेरी करायचं. कापड इतकं दाट की सूर्याचा किरण आरपार दिसू नये. पण काम इथं संपत नाही. गाळण्यावर जे राहिलं ती जिवाणी. गाळलेलंच थोडं पाणी गाळण्याच्या उलट्या बाजूने ओतून ती भांड्यात घ्यायची आणि ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडायची. तीही वरून ओतायची नाही, आपटून जीव मरतील. त्यासाठी तळाला कडी असलेली बादली असे. ती पाण्यापर्यंत उतरवायची आणि तिथं अलगद उलटी करायची. गाळलेल्या पाण्याची मुदत एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. लवंग घालून प्रासुक केलं तर सहा तास. उकळलेलं चोवीस तास.

आता विचार करा. ज्या घरात प्रत्येक घागरीमागे एवढे हात लागतात, तिथं पाणी सांडेल कसं? तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मिरचीला. राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी वेलांच्या आळ्यात. न्हाणीचं पाणी केळीला. रोपांवर मावा आला तर चुलीची राख भुरभुरायची, म्हणजे तो आपणहून हटतो. दुष्काळी मुलखात हे परस तगलं ते या काटकसरीमुळे. आणि ही काटकसर पाण्याच्या भीतीइतकीच जीवदयेतूनही आलेली होती.

इतिहासात मात्र पाण्याची जागा बदलत गेली. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव बांधला. तो आजही गावाच्या मध्यावर आहे. इंग्रजांच्या काळात 1866 साली अधिला नदीवर एकरुखच्या तलावाचं काम सुरू झालं आणि 1871 साली ते पुरं झालं. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. तो होऊन पाचेक वर्षं होतात न होतात तोवर 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ आला, आणि त्यात सोलापूर जिल्हा फार पोळला. पुढे याच तलावाचं पाणी नळानं शहरात आलं.

नळ आला तेव्हा बायकांचे हात सुटले, यात शंका नाही. शेंदण्याचा त्रास ज्यांनी काढला त्यांनाच त्याची किंमत. पण त्याच दिवशी जिवाणीचा पहिला धागा तुटला. नळाच्या पाण्याची जिवाणी परत सोडायची कुठं? तलाव लांब. मग कुणी ती घरच्या आडातच सोडू लागलं, कुणी हौदात, आणि कुणी नुसतंच गाळून थांबलं.

शेतीतही पुढे पाण्याची शिस्त शोधली जात होती. 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. त्यातून सांगितलं गेलं ते असं: बांध घाला, बियाणं कमी वापरा, ओळी रुंद ठेवा, कोळपणी वारंवार करा, म्हणजे मातीतली ओल टिकते. आपल्या भाकरीची मालदांडी ज्वारी याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर निवडून तयार झाली. मला यात घरचीच शिकवण दिसते: आहे तेवढ्यात भागव आणि एकमेकांना जागा दे.

मग 1972 चा दुष्काळ. मिलो ज्वारी, सुकडी आणि रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया, हे सगळं आपल्या सासूबाईंच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दुष्काळानंतर गावोगावी बोअर पडू लागले. बोअरमध्ये तर जिवाणी परत जाऊच शकत नाही. सहा इंचांच्या भोकात बादली कशी सोडणार? दुसरा धागा तिथं तुटला. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, आणि आज शंभराहून अधिक किलोमीटरवरून भीमेचं पाणी आपल्या घरात येतं. येतं तेही काही दिवसांआड. जिल्हाभर ऊस उभा आहे आणि तो वर्षभर पाणी पितो. त्याच जिल्ह्याच्या शहरात आपण नळाचा दिवस लक्षात ठेवून पाहुणे बोलावतो. आणि पाणी येईल त्या दिवशी सगळं भरून घ्यायचं म्हटलं की आधी गाळणं बाजूला पडतं, मग परस.

एवढं होऊनही काही आड राहिले. का राहिले, याचं कारण मला फार मोलाचं वाटतं. मुनिमहाराजांच्या आहाराच्या चौक्याला आडाचं, विहिरीचंच पाणी लागतं. नळाचं चालत नाही. संघ गावात आला की ज्या घरी आड आहे तिथं बायकांची रीघ लागते. सोवळ्यानं पाणी शेंदलं जातं, गाळलं जातं, आणि जिवाणी पुन्हा खाली जाते. मंदिरांच्या आवारातल्या विहिरीही अभिषेक आणि चौका यांच्यासाठीच जपल्या गेल्या. ज्यांनी आयुष्यात एकही विहीर मालकीची ठेवली नाही, त्या दिगंबर साधूंच्या एका वेळच्या आहारापायी गावातल्या विहिरी जिवंत राहिल्या. आणि जिथं आड जिवंत, तिथं फाल्गुनात रोपं दिसतात. ओली जमीन, सांडलेलं चार ओंजळी पाणी आणि रोज तिथं जाणारी बाई, एवढंच तर त्यांना हवं असतं.

सध्या जुन्या पेठांतून वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. आमच्याही वाड्याचं बोलणं चालू आहे. नकाशात आडाच्या जागी दोन गाड्या उभ्या राहतील अशी आखणी आली. घरातल्या पुरुषांचं म्हणणं खोटं नाही: आडाला मार्चनंतर जेमतेम पाणी, लहान पोरं घरात, आणि जागेला भाव आहे. मी एवढंच म्हटलं, आड ठेवा, त्याला जाळी बसवा आणि गच्चीचं पावसाचं पाणी गाळून त्यात सोडा. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण आपण एरवी पोरांना ऐकवतो. या वेळी ती सगळ्या घरानं ऐकायची आहे. निर्णय अजून व्हायचाय. पण एकदा बुजवलेला आड पुन्हा खणला गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तुमच्याकडे आड नसेल तरीही या फाल्गुनात सुरुवात करता येईल. गॅलरीत दोन कुंड्या गवारीच्या, एक दोडक्याचा वेल, एक मिरची. पाणी संध्याकाळीच घाला, तेही तांब्यानं, पाइपनं नको. वरची माती खुरप्यानं हलवत राहा, म्हणजे ओल टिकते आणि पाणी कमी लागतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवा. राख मिळाली तर जपून ठेवा. नळाला गाळणं बांधा आणि पाणी भरून झालं की ते नीट उलटून धुवा. जिवाणी जवळच्या मंदिराच्या विहिरीत सोडता येत असेल तर मंदिरात जाताना छोटा डबा सोबत न्या.

आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना एकदा विचारा: तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचं, जिवाणी कुठं सोडायचा, आणि परसात काय काय लावायचा? मिळेल ते उत्तर वहीत लिहून ठेवा. आपल्या घरांचा हा इतिहास त्यांच्याच तोंडी आहे.

जय जिनेंद्र.