नोंदीमागचा नियम : इंदापूरच्या मोजणीपासून हार्ड डिस्कपर्यंत

जमिनीच्या नोंदी वाळवीने, ओलीने किंवा आगीने नष्ट होतात, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो खोटाही नाही. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर आणि बारामती या तालुक्यांचा महसुली इतिहास तपासला, तर कागद शाबूत असतानाही त्यामागचा नियम सदोष निघाल्याने सारी व्यवस्था अडून बसल्याचे दिसते. संगणकाच्या हार्ड डिस्कमधील ‘फर्मवेअर’ हा असाच एक मागचा नियम असून, तो वेळीच दुरुस्त करण्याची आजची खटपट या प्रदेशाच्या दृष्टीने तितकीशी नवी ठरत नाही.

पेशवाईच्या अस्तानंतर दहा-बारा वर्षांतच रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून नवी आकारणी सुरू केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा 55 टक्के वाटा सरकारने घ्यायचा, असे त्याचे सूत्र होते. इंग्लंडमध्ये त्या काळी मान्य असलेल्या खंडाच्या अर्थशास्त्रीय सिद्धान्ताला ते धरून होते; पण पर्जन्यछायेतल्या इंदापुरात निव्वळ उत्पन्न दरसाल बदलत असे, आणि ते ठरवणाऱ्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांचे काम अचूकही नव्हते व निर्लेपही नव्हते. परिणामी आकार वसूल होईना, सूट देत राहावे लागे आणि शेते पडीक पडू लागली. दप्तर मात्र पूर्ण भरलेले होते, ही यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

1835-36 मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूर तालुक्याचेच काम नव्याने हाती घेतले. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब त्यांनी सोडून दिला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले, प्रत्येक वर्गाचे सापेक्ष मोल आण्यांत लिहिले, आणि तालुक्याची पूर्वीची वसुली, हवामान व बाजार पाहून दर बेताचे ठेवून ते तीस वर्षांसाठी कायम केले. रान तेच आणि कुणबीही तेच होते, बदलला तो नियम. आणि पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येऊ लागली. या पद्धतीला पुढे 1847 च्या संयुक्त अहवालात निश्चित रूप मिळाले आणि ती मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. तेहतीस फुटी साखळी, तिच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर ही मापे आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहेत.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर झालेली फेरआकारणी मात्र अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीने फुगलेल्या भावांवर आधारलेली होती. तेजी ओसरली, सारा वाढलेला राहिला आणि कर्जाचा भार असह्य झाला. 12 मे 1875 रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील बाजारपेठेच्या गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल करून खते आणि वह्या जाळल्या. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात होती. जमावाला मुख्यतः कागदच हवे होते, कारण कर्जाचा एकमेव पुरावा सावकाराच्या घरी असे आणि त्यात काय लिहिले आहे हे कर्जदाराला वाचता येत नसे. 1879 च्या दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत ग्राम निबंधक नेमले आणि शेतकऱ्याच्या दस्ताची नक्कल सरकारी वहीत उतरवण्याची सोय केली. संगणकाच्या भाषेत ज्याला ‘बॅकअप’ म्हणतात, तो हाच प्रकार होय.

विसाव्या शतकात हक्कनोंदणीची पद्धत आली आणि गाव नमुना सात व बारा मिळून ‘सातबारा’ हा शब्द घरोघरी पोचला. हस्तलिखित सातबाऱ्याचे दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. जीर्ण पान टिकवण्याचा तो उपाय होता, पण नकलताना एखादे नाव गळे, आणे-पैचा हिस्सा चुके, आणि संरक्षणाच्या उपायातूनच नवी चूक जन्मास येई. जुन्या धारकाचे नाव खोडून न टाकता त्याला कंस करायचा आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहायचा, ही रीत फार शहाणपणाची होती. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणासाठी केंद्राच्या 1988-89 च्या योजनेत महाराष्ट्रातून प्रथम वर्धा जिल्हा निवडला गेला आणि पुढे हे काम राज्यभर पसरले. 2017 मध्ये संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी गावोगावी चावडी वाचन झाले आणि 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला.

आता नोंद चुंबकीय तबकडीवर आली. हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांवर अधांतरी तरंगणारी वाचक-शीर्षे असतात. त्यांना चालवणाऱ्या अंगभूत आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. तिचा काही भाग सर्किटवरील चिपमध्ये, तर काही तबकडीवरच्या राखीव पट्ट्यात असतो. कोणते खाने खराब झाले याची यादीही तीच ठेवते आणि तिथली नोंद दुसऱ्या जागी वळवते, म्हणजे एका अर्थी बाद खान्याला कंसच करते. ही आज्ञावली चुकली तर तबकडीवरील मजकूर जागच्या जागी असूनही हाती लागत नाही. सीगेट कंपनीच्या बाराकुडा 7200.11 मालिकेत 2008-09 च्या सुमारास नेमके हेच घडले : डिस्कच्या अंतर्गत घटना-नोंदवहीतील गणती विशिष्ट आकड्यावर असताना यंत्र सुरू केले, की डिस्क प्रतिसादच देत नसे. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिले; पण त्याच्या पहिल्या आवृत्तीमुळे काही डिस्क उलट बंद पडल्या, आणि ती मागे घेऊन पुन्हा द्यावी लागली. प्रिंगलनंतर विंगेट आणि विंगेटनंतर 1867 ची फेरआकारणी हा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

म्हणूनच फर्मवेअर बदलण्याच्या कामाची शिस्त ठरलेली आहे. आधी सर्व नोंदींची दुसऱ्या साधनावर नक्कल घ्यायची, डिस्कचा नेमका नमुना व चालू आवृत्ती पडताळायची, निर्मात्याने त्याच नमुन्यासाठी दिलेली सुधारणाच वापरायची, आणि ती उतरत असताना वीज जाणार नाही याची खात्री करायची. भारनियमन अनुभवलेल्या तालुक्यात ही शेवटची अट औपचारिक नव्हे. झिजलेली शीर्षे किंवा ओरखडलेली तबकडी यांवर मात्र कोणतेही फर्मवेअर चालत नाही.

फिरती तबकडी नसलेल्या साठवण-साधनांनाही हा दोष चुकलेला नाही. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझने नोव्हेंबर 2019 मध्ये आपल्या काही एसएसडींबाबत जाहीर केले, की फर्मवेअर बदलले नाही तर 32,768 तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि त्यांतील मजकूरही परत मिळणार नाही. हा आकडा दोनाचा पंधरावा घात असल्याने, तास मोजणाऱ्या खान्याचीच मर्यादा संपत असावी, असा तर्क करता येतो. हिशेबाने तो काळ 3 वर्षे, 270 दिवस आणि 8 तासांचा होतो. म्हणजे अहोरात्र चालू असलेला सर्व्हर सातबाऱ्याच्या जुन्या पुनर्लेखनाची निम्मी मुदतही न गाठता थांबला असता.