निद्रा, श्वास आणि शिरगणती

नाशिक या नांवाची व्युत्पत्ति विद्वान कांहींही सांगोत. लोकांच्या मुखीं आहे ती शूर्पणखेच्या नाकाचीच कथा. त्याच पंचवटींत लक्ष्मण रात्रंदिवस पहारा करीत जागला, आणि त्याच्या वांट्याची चौदा वर्षांची निद्रा अयोध्येंत ऊर्मिलेनें भोगली, असें लोककथा सांगते. इकडे हा जागरणाचा पुतळा, तर तिकडे लंकेंत सहा सहा महिने घोरत पडणारा कुंभकर्ण! लक्ष्मणाच्या जागरणाला आपण वंदन करतों आणि कुंभकर्णाच्या घोरण्याला हंसतों. घरांत कोणी घोरूं लागला म्हणजे त्यालाही आपण तेंच नांव देतों, थोडी थट्टा करतों, आणि कूस बदलून निजतों. या थट्टेच्या विषयामागें एक गंभीर व्याधि दडलेला असूं शकतो, हें वैद्यकाला नीट कळावयास विसावें शतक अर्ध्याहून अधिक सरावें लागलें. आणि तो व्याधि आपल्या महाराष्ट्रांतही किती पसरला आहे, याची मोजणी व्हावयास एकविसावें उजाडावें लागलें. त्या मोजणीचा आणि ती करणाऱ्या एका वैद्याच्या कार्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना निद्रेचें महत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. चरकानें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. विशेष हें कीं, चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील ज्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल व अतिकृश मनुष्यांचा विचार आहे, त्याच अध्यायांत निद्रेचाही विचार आहे. सुश्रुतानेंही स्थूल मनुष्याचीं लक्षणें सांगतांना धाप लागणें आणि झोंपाळूपणा यांचा एकत्र उल्लेख केला आहे. मेद, श्वास आणि झोंप यांचें कांहीं नातें आहे, हें निरीक्षण असें जुनें आहे. परंतु निजलेल्या मनुष्याच्या शरीरांत रात्रभर काय घडतें, तें पाहण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

युरोपांतही हीच स्थिति होती. चार्ल्स डिकन्स याच्या १८३६-३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘पिक्विक पेपर्स’ या कादंबरींत ज्यो नांवाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो काम करतां करतां मध्येंच झोंपीं जातो, आणि वाचक हंसतात. १९५६ सालीं अमेरिकेंतील बर्वेल व त्यांचे सहकारी यांनीं अशाच एका रुग्णाचें वर्णन करून त्या लक्षणसमूहाला पिक्विकचेंच नांव दिलें. तथापि व्याधीचें खरें स्वरूप उघड झालें तें १९६५ च्या सुमारास. फ्रान्स व जर्मनी या देशांतील संशोधकांनीं अशा रुग्णांची झोंप यंत्रांच्या साहाय्यानें रात्रभर नोंदली, तेव्हां असें दिसून आलें कीं, हीं माणसें निजलीं असतां त्यांचा श्वास वारंवार बंद पडत आहे.

हें कसें घडतें? झोंप लागली म्हणजे घशाचे स्नायु सैल पडतात. ज्याचा घसा मेदामुळें किंवा जबड्याच्या घडणीमुळें आधींच अरुंद असतो, त्याची श्वासाची वाट अशा वेळीं कांहीं सेकंद पूर्ण मिटते. छाती हवा ओढण्यासाठीं धडपडते, परंतु हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु कमी होतो. मेंदु घाबऱ्या घाबऱ्या निजलेल्याला क्षणभर जागें करतो. मोठा आवाज होऊन श्वास पुन्हां सुरू होतो, आणि झोंप लागतांच तेंच चक्र पुन्हां फिरूं लागतें. एका रात्रींत हें शेंकडों वेळां घडूं शकतें. सकाळीं त्या मनुष्याला यांतलें कांहींही आठवत नाहीं. रात्रभर निजूनही शीण कां जात नाहीं, एवढेंच त्याला कळत नाहीं. कालांतरानें रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, आणि दिवसा भलत्या वेळीं डोळा लागतो.

यावर उपाय काढला तो ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनीं. धूळ ओढणाऱ्या यंत्राच्या पंख्याची दिशा उलटी करून त्यांनीं हवेचा मंद पण अखंड दाब नाकावाटे घशांत सोडला. त्या दाबानें घसा मिटेनासा झाला. पांच रुग्णांवरील हा अनुभव त्यांनीं १९८१ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. उपाय मिळाला; पण तो किती लोकांना लागणार आहे, हें कोण सांगणार? रुग्णालयाच्या दारीं येतात ते मोजके. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांत ३० ते ६० वर्षें वयाच्या ६०२ नोकरदार स्त्रीपुरुषांची झोंप तपासली गेली, आणि १९९३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तासाला पांच किंवा अधिक वेळां ज्यांचा श्वास अडतो असे पुरुष शेंकडा २४ व स्त्रिया शेंकडा ९ निघाल्या. त्यासह दिवसाही पेंग येते असे पुरुष शेंकडा ४ व स्त्रिया शेंकडा २.

आपल्याकडे मात्र त्या वेळीं असा समज सहज होण्यासारखा होता कीं, हा खाऊनपिऊन सुखी अशा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे. क्षयानें व हिवतापानें गांजलेल्या देशाला घोरण्याची चिंता कशाला? या समजाला आंकड्यांनीं उत्तर दिलें तें मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील छातीच्या रोगांचे तज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांनीं. प्रकृतीच्या सामान्य तपासणीसाठीं आलेल्या ३५ ते ६५ वर्षें वयाच्या ६५८ पुरुषांकडून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं झोंपेविषयीं प्रश्नावली भरून घेतली, आणि त्यांपैकीं २५० जणांची झोंप त्यांच्या घरींच, त्यांच्या नेहमींच्या अंथरुणावर, उपकरण लावून नोंदली. २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: शेंकडा १९.५ पुरुषांचा श्वास झोंपेंत अडत होता, आणि शेंकडा ७.५ जणांना त्यासह दिवसाची पेंगही होती. शरीराचा स्थूलपणा, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशीं या व्याधीचा संबंध दिसून आला. स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांची ही स्थिति होती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या मोजणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रुग्णालयांत तपासणीला येणारा शहरी मध्यमवयीन पुरुष म्हणजे कांहीं सारा समाज नव्हे. स्त्रिया तींत नव्हत्या. खेड्यांतला शेतकरी नव्हता. दिल्लींत निमशहरी वस्तींतील स्त्रीपुरुषांची जी पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली, तींत हें प्रमाण शेंकडा १३.७ व पेंगेसह शेंकडा ३.६ असें आलें. आंकडे निराळे, पद्धति निराळ्या. परंतु व्याधि आपल्यांत आहे आणि मोठ्या प्रमाणांत आहे, याविषयीं शंका उरली नाहीं.

डॉ. उदवाडिया यांच्या कार्याचा दुसरा भाग क्षयरोगाविषयींचा आहे. वरवर पाहतां झोंप आणि क्षय यांचा संबंध काय, असें वाटेल. पण कार्यपद्धति एकच आहे. समोरच्या रुग्णापाशीं न थांबतां, त्याच्यामागें उभा असलेला समाज मोजावयाचा. १९९१ सालीं धारावींतील १०० खाजगी डॉक्टरांनीं क्षयासाठीं ८० निरनिराळ्या औषधयोजना लिहिल्याचें दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें होतें. जवळजवळ दोन दशकांनीं डॉ. उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंतील १०६ खाजगी डॉक्टरांना तोच प्रश्न घातला. २०१० सालीं उत्तर प्रसिद्ध झालें: बिनचूक औषधयोजना लिहिणारे अवघे ६, आणि योजनांचे प्रकार ६३! औषधें अशीं दिलीं जात असतां रोगजंतु निर्ढावले तर नवल कोणतें? २०११ च्या अखेरीस त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदले. त्या नांवावरून वाद माजला. सरकारनें तें नांव मान्य केलें नाहीं. तथापि प्रश्न पुढें आला तो आलाच. मे २०१२ मध्यें प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें देशांत बंधनकारक झालें.

क्षयाचा रोगी निदान खोकतो. त्याला आपला रोग जाणवतो. निद्रेंतील श्वासरोधाचें तसें नाहीं. निजलेल्या मनुष्याला आपल्याच निद्रेची साक्ष देतां येत नाहीं. ती साक्ष शेजारीं निजणाऱ्याला द्यावी लागते, आणि साऱ्या समाजाची साक्ष संशोधकाच्या शिरगणतीला. म्हणूनच, श्रोतेहो, हा विषय केवळ डॉक्टरांचा नाहीं. घरांतील कोणी मोठ्यानें घोरत असतां मध्येंच एकाएकीं शांत होतो व मग दचकून, हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो काय, सकाळीं त्याचें डोकें जड असतें काय, वर्तमानपत्र वाचतां वाचतां त्याची मान कलते काय, हें पाहणें घरच्या माणसांच्याच हातीं आहे. तसें असेल तर थट्टा बाजूला ठेवून त्याला तज्ज्ञाकडे न्यावें. वजन उतरविणें, मद्य वर्ज्य करणें, कुशीवर निजणें यांनीं कित्येकांना उतार पडतो. ज्यांना पडत नाहीं त्यांच्यासाठीं सलिव्हन यांच्या यंत्राची सुधारलेली आवृत्ति आहे.

आणि आपल्या नाशिकपुरतें बोलावयाचें तर, १९९८ सालापासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचें ठाणें याच नगरींत आहे. लासलगांवचा कांदा व पिंपळगांवचीं द्राक्षें भरून रात्रीं कसाऱ्याचा घाट उतरणारा मालमोटारीचा चालक, पहाटे उठून दिवसभर राबणारी शेतकरी स्त्री, पाळीवर काम करणारा सातपूरचा कामगार, यांची झोंप मोजली जाणें अगत्याचें आहे. मुंबईच्या मोजणींत त्यांना जागा नव्हती. चालकाची एक डुलकी त्याच्या एकट्याच्या जिवावर बेतत नाहीं. समोरून येणाऱ्या मोटारींतील सारें कुटुंब तिच्या फेऱ्यांत सांपडतें. लक्ष्मण जागला तो दोघांच्या रक्षणासाठीं. लोकांच्या निद्रेवर असाच पहारा ठेवणारे संशोधक या पंचवटीच्या नगरींतून निघावेत, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.