शेजारच्या बाकावरचा वाचक : प्रस्तावना

‘वह्या बदला!’ ही सूचना कंधार तालुक्यातल्या शाळांना नवी नाही. शुद्धलेखन झाले, पाढ्यांची चाचणी झाली की शेजाऱ्याची वही आपल्यापुढे येते, आपली त्याच्यापुढे जाते, गुरुजी फळ्यावर उत्तरे लिहितात आणि पोरे मोठ्या उत्साहाने एकमेकांना फुल्या मारतात. निबंधाची वही मात्र अशी फिरत नाही. ती थेट सरांच्या टेबलावर जाते, गठ्ठ्यात पडते आणि काही दिवसांनी ‘अक्षर सुधारा’ एवढा शेरा घेऊन परत येते. मुलाने लिहिले, सरांनी तपासले. वाचायचे मात्र राहूनच गेले. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे निबंध वाचावेत, त्यांवर बोलावे आणि त्या बोलण्याच्या आधाराने निबंध पुन्हा लिहावा, यासाठी ही पुस्तिका आहे. अभ्यासक याला सहाध्यायी-परीक्षण म्हणतात. नाव जड आहे, काम तसे नाही.

कंधारात या कामाची गरज जरा जास्तच आहे. निजामी राजवटीत इथल्या माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. सप्टेंबर 1948 मध्ये ती राजवट संपल्यावर चित्र पालटले, आणि भाई केशवराव धोंडगे यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीने खेड्यापाड्यांतल्या पोरांना शाळा-कॉलेजचे दार उघडून दिले. तरी आजही वर्गात असे मूल असतेच, ज्याच्या निबंधाला घरात वाचक नसतो. कुठे आईबाप शिकलेले नसतात, कुठे बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलली जाते आणि पुस्तकी मराठीशी गाठ पडते ती शाळेतच. अशा मुलाला पहिला वाचक मिळायचा तो शेजारच्या बाकावर.

हा वाचक नेमके काय करतो? आठवीच्या वर्गातला एक निबंध घ्या : ‘माझा आवडता प्राणी’. पहिली ओळ गाईडातली असते, ‘बैल हा शेतकऱ्याचा खरा मित्र आहे.’ दुसरीही तिथलीच. मित्राच्या हाती वही दिली आणि काही सांगितले नाही, तर तो दोन वेलांट्या दुरुस्त करील, खाली ‘छान’ लिहील आणि मोकळा होईल. पण त्याला एवढेच सांगा, की चुका शोधू नकोस, तुला जे कळले नाही ते विचार. मग तो विचारतो, ‘हा कुणाचा बैल?’ ‘आमचाच की. लाल कंधारी आहे. बाबांनी माळेगावच्या जत्रेतून आणला. नवख्याला दाव्याला हात लावू देत नाही, पण आजीच्या हातची भाकरी खातो.’ ‘मग हे का लिहिलं नाहीस?’ मुलगा गप्प होतो. असले काही निबंधात लिहायचे नसते, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ज्या तालुक्याच्या नावाने गोवंशाची जात ओळखली जाते, तिथल्या पोराच्या निबंधात बिनरंगाचा, बिनगावाचा बैल यावा, याला मी शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा मोठी चूक मानतो.

पुनर्लेखन म्हणजे काय, हे इथे दिसते. अमेरिकेतल्या लेखन-अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांनी 1980 साली विद्यार्थी आणि मुरलेले लेखक यांच्या खाडाखोडीची तुलना केली. विद्यार्थी बहुतेक शब्द बदलत होते. मुरलेले लेखक मुद्द्याची घडणच पुन्हा तपासत होते. त्याआधी 1973 मध्ये तिथलेच लेखन-अभ्यासक पीटर एल्बो यांनी सुचवले होते, की वाचकाने निकाल देऊ नये, वाचताना आपल्या मनात काय काय झाले ते सांगावे. आणि 2009 मध्ये लंडस्ट्रॉम आणि बेकर या संशोधकांनी इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने फक्त इतरांच्या लेखनावर अभिप्राय दिले, दुसऱ्याने फक्त मिळालेले अभिप्राय वापरले. स्वतःच्या लेखनात अधिक सुधारणा दिसली ती अभिप्राय देणाऱ्यांत. या पुस्तिकेचा सगळा भर याच निष्कर्षावर आहे. वही ज्याची तपासली जाते त्याच्यापेक्षा जो वाचतो तो जास्त शिकतो. म्हणून ‘कच्च्या’ मुलाला काय कळणार, हा आक्षेप मला उलटा वाटतो. वाचायला बसवायचे ते त्यालाच आधी.

परदेशी नावे वाचून कोणी बिचकू नये. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरच्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. शिवचरित्राची साधने कशी पारखावीत, कुठे सावध राहावे, हे एक वाचक एका लेखकाला बरोबरीच्या नात्याने सांगतो आहे. सहाध्यायी-परीक्षणाचा याहून चांगला नमुना मला मराठीत ठाऊक नाही. (आठवीच्या मुलांकडून तेवढ्या लांबीची अपेक्षा अर्थातच नाही.)

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. मुलांच्या हाती लाल पेन दिला की ती लहानसे मास्तर होतात, म्हणून वाचणाऱ्याने पेन्सिलच वापरावी. हुशार मुलाच्या वहीला कोणी बोट लावत नाही. मुले-मुली वह्या बदलायला संकोचतात; कोण कोणाशेजारी बसतो, यात गावातली जातही डोकावते. जोड्या शिक्षकांनीच ठरवाव्यात आणि अधूनमधून बदलाव्यात. सर्वांत नाजूक प्रश्न बोलीचा. ‘काय करायलास?’ असे घरी बोलणाऱ्या मुलाच्या संवादातून मित्राने ते वाक्य ‘अशुद्ध’ म्हणून खोडले, तर निबंध निर्जीव होतो. आजीच्या तोंडचे वाक्य आजीचेच राहू द्यावे. प्रमाणभाषेचा आग्रह निवेदनापुरता, आणि तोही शेवटच्या प्रतीत.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याच्या प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापनाबरोबर सहाध्यायांच्या मूल्यमापनालाही जागा दिली आहे. धोरणाचा आधार मिळाला हे चांगलेच, पण त्यातून नवा तक्ता भरायचे काम निघाले तर पहिला बळी या उपक्रमाचाच जाईल. मुलांनी एकमेकांना गुण द्यावेत का? माझे मत स्पष्ट आहे : देऊ नयेत. गुण आले की मैत्री तरी सांभाळली जाते, नाहीतर उट्टे तरी काढले जाते. बाकी मुद्द्यांवर पुढच्या लेखांत मतभेद आढळतील. ते तसेच ठेवले आहेत. सुरुवात करायची तर आठवी-नववीत करावी. दहावीच्या वर्गात दिवाळीनंतर सराव प्रश्नपत्रिकांचा रेटा सुरू होतो, तेव्हा एकच निबंध दुसऱ्यांदा लिहायला सांगणारे शिक्षक कोणालाच परवडत नाहीत.